एका हाताची पकड



गेल्या पावसाळ्यांत आठवीच्या वर्गास ‘माझा आवडता वीर’ हा विषय निबंधासाठीं दिला होता. बहुतेकांनीं इतिहासांतील थोर स्त्रीपुरुष निवडले आणि पानेंच्या पानें भरून काढलीं. एका विद्यार्थ्यानें मात्र दोनच वाक्यें लिहिलीं होतीं. आपला वीर हा एक तांबडा, चिमुकला यंत्रमानव असून त्यास सरळ चालतांसुद्धां येत नाहीं, असें पहिल्या वाक्यांत होतें. आणि तो पडला तर त्यास कोणी हंसत नाहीं, असें दुसऱ्या वाक्यांत. निबंध म्हणून त्यास गुण देणें कठीण होतें. पण तें दुसरें वाक्य कांहीं केल्या माझ्या मनांतून जाईना. ह्याच मुलास सत्राच्या आरंभीं फळ्यावर भूमितीचा सिद्धांत सिद्ध करतांना अडखळलेलें पाहून वर्ग हंसला होता. आणि तेव्हांपासून फळ्याजवळ ये म्हटलें कीं तो मान खालीं घालून जागेवरच बसून राही.

चारच दिवसांनीं त्याचे वडील मला भेटावयास आले. मुलगा सुटीच्या दिवशीं संगणकावर एक खेळ खेळत बसतो, तो बंद करावा किंवा कसें, असा त्यांचा प्रश्न होता. जी वस्तु आपण पाहिली नाहीं तिच्याविषयीं निकाल देणें मला प्रशस्त वाटलें नाहीं. म्हणून त्यांच्या अनुमतीनें एका रविवारीं मी त्यांच्या घरीं गेलों व मुलाच्या शेजारीं बसून तो खेळ पाहिला. थोडा वेळ स्वतः खेळलों, आणि पुष्कळ वेळां पडलों. त्या दिवशीं जें पाहिलें, व त्यावरून पुढें जो विचार सुचला, तो ह्या लेखांत मांडीत आहें.

खेळाची कथा

खेळाचें नांव ‘ग्रो होम’. इंग्लंडमधील न्यूकॅसल शहरीं रिफ्लेक्शन्स ह्या नांवाच्या, १९८४ सालीं स्थापन झालेल्या संस्थेंतील एका लहानशा मंडळीनें तो रचिला आणि युबिसॉफ्ट कंपनीनें फेब्रुवारी २०१५ मध्यें तो प्रसिद्ध केला. ह्या खेळाच्या नायकाचें नांव बड. वनस्पतींच्या कामासाठीं केलेला यंत्रसेवक अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें जोडून हें नांव झालें आहे. शिवाय त्या भाषेंत ‘बड’ म्हणजे कळी. ज्यास झाड वाढवावयाचें आहे त्यास हें नांव शोभतें, ह्यांत संशय नाहीं.

कथा साधी आहे. बडच्या मूळ ग्रहाच्या कल्याणासाठीं एका विलक्षण वृक्षाच्या बिया हव्या आहेत. तो वृक्ष एका दूरच्या ग्रहावर उगवतो. त्यास आपण तारावृक्ष म्हणूं. बड आपल्या आकाशयानांतून त्या ग्रहावर उतरतो. यानाचें नांव मॉम, म्हणजे आई. आणि ही आई त्यास वरून सूचना देत असते. तारावृक्ष अद्याप लहान आहे. तो वाढून २००० मीटर उंचीवरील यानापर्यंत पोंचला, म्हणजे बिया हातीं यावयाच्या. आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, त्याची समुद्रसपाटीपासून उंची १६४६ मीटर आहे. ह्यावरून बडपुढील चढाव केवढा आहे त्याची कल्पना येईल.

झाड वाढविण्याची रीतही मौजेची आहे. तारावृक्षाच्या खोडास मधून मधून फुटवे येतात. बडनें फुटव्यावर बसावें, तो वाढूं लागला कीं त्यास हवें तसें वळवावें, आणि आकाशांत तरंगणाऱ्या हिरव्या तेजाच्या खडकांत त्याचें टोंक नेऊन रुतवावें. खडकांतील शक्ति खोडास मिळते आणि वृक्ष आणखी वर जातो. मात्र प्रत्येक फुटवा ठराविक लांबीइतकाच वाढतो. नेम चुकला तर तो अधांतरींच थांबतो, आणि मग दुसऱ्या फुटव्यापासून पुनः आरंभ करावा लागतो. वाटेंत स्फटिक सांपडतात. ते वेंचले म्हणजे बडच्या अंगीं नव्या शक्ति येतात. नवे प्राणी व वनस्पति दिसल्यास त्यांची नोंदही करतां येते. शत्रूस मारणें हा ह्या खेळाचा हेतु नव्हे. शोधणें, वाढविणें आणि चढणें हाच त्याचा सारा व्यवसाय.

येथें ‘रोबो’ ह्या शब्दाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. चेक लेखक कारेल चापेक ह्यानें १९२० सालीं एक नाटक प्रसिद्ध केलें. त्यांतील कृत्रिम कामकऱ्यांस काय म्हणावें असा त्यास प्रश्न पडला, तेव्हां त्याचा भाऊ योसेफ ह्यानें ‘रोबोट’ हा शब्द सुचविला. चेक भाषेंत ‘रोबोटा’ म्हणजे धन्यासाठीं सक्तीनें करावयाचें काम. आपण ज्यास वेठ म्हणतों तें. ह्या वेठीच्या नांवाचा वारस आज एका खेळांत माळी होऊन बिया आणावयास निघाला आहे, हा शब्दाच्या इतिहासांतील एक सुखद पालट होय.

चढण्याचा नियम

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. बहुतेक खेळांत एक कळ दाबली कीं नायक उडी मारतो, दुसरी दाबली कीं चढतो. चढावें कसें ह्याचा विचार खेळणाऱ्यास करावा लागत नाहीं. बडचें तसें नाहीं. खेळणाऱ्याच्या हातांतील कंट्रोलरवर एक कळ बडच्या डाव्या हातासाठीं व दुसरी उजव्या हातासाठीं असते. कळ दाबून धरली तोंपर्यंत त्या हाताची पकड टिकते. सोडली कीं सुटते. डाव्या हातानें धरावें, उजवा वर न्यावा, उजव्यानें धरावें, मगच डावा सोडावा. ह्या क्रमानें तो खडकावर, खोडावर, पानाच्या खालच्या अंगास, कोठेंही चढूं शकतो. पण उतावीळपणें दुसऱ्या हाताची पकड बसण्यापूर्वींच पहिला सोडला, तर तो खालीं आलाच.

बडच्या चालण्यांतही एक विशेष आहे. सामान्यतः अशा खेळांतील पात्रांच्या हालचाली चित्रकार अगोदर तयार करून ठेवतात आणि कळ दाबली कीं तीच ठराविक हालचाल पडद्यावर दिसते. बडच्या हालचाली अशा साठवून ठेविलेल्या नाहींत. त्याचें शरीर कोणीकडे झुकलें आहे, पाय कोठें टेकेल, जमीन चढाची आहे कीं उताराची, ह्याचें गणित संगणक त्या त्या क्षणीं करतो आणि त्यावरून पाऊल ठरवितो. म्हणूनच तो नुकतें चालूं लागलेल्या मुलासारखा झोंकांड्या खात चालतो. त्या दिवशीं मला मुलाच्या पहिल्या वाक्याचा अर्थ कळला.

आपला विद्यार्थी हा खेळ खेळत असतां मी एक गोष्ट पाहिली. तो घाई करीत नव्हता. वर्गांत जो प्रश्न अर्धा ऐकूनच ‘येत नाहीं’ म्हणतो, तोच मुलगा एका अवघड कड्याखालीं लोंबकळत, एक हात घट्ट धरून, दुसऱ्या हातासाठीं जागा शांतपणें शोधीत होता. मी विचारलें, “तुला भीति वाटत नाहीं?” तो म्हणाला, “सर, एक हात धरलेला आहे ना!”

एवढ्या एका उत्तरांत ह्या लेखाचा सारा विषय आहे. एका हाताची पकड कायम ठेवून दुसऱ्यानें पुढें जाणें हा नियम केवळ खेळ रचणाऱ्यांची कल्पना आहे, कीं सृष्टींतही तो आढळतो? पाहूं या.

वेलीची पकड

काकडीचा किंवा दोडक्याचा वेल मांडवावर कसा चढतो तें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. पण लक्ष देऊन पाहिलें असेल असें नाहीं. वेलीचें खोड दुबळें असतें. स्वतःच्या बळावर तें उभें राहूं शकत नाहीं. त्यास बारीक दोऱ्यासारखे तणावे फुटतात. वाढणारा तणावा हवेंत हळूहळू वर्तुळाकार फिरत असतो, जणूं अंधारांत चांचपडणारा हात. काठीचा स्पर्श झाला कीं तो तिच्याभोंवतीं वळसे घेतो. पकड बसल्यावर मग तणाव्याचा मधला भाग स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो आणि वेलीस आधाराकडे ओढून घेतो. वाऱ्याचा झोत आला तरी ही स्प्रिंग ताणली जाते, तुटत नाहीं.

चार्ल्स डार्विन ह्यानें ह्या विषयाचा बारकाईनें अभ्यास करून १८६५ सालीं चढणाऱ्या वनस्पतींच्या हालचालींवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. आणि १८८० सालीं आपला मुलगा फ्रान्सिस ह्याच्या साहाय्यानें वनस्पतींच्या चलनशक्तीवर ग्रंथ लिहिला. झाड स्थिर असतें ही आपली समजूत केवळ आपल्या डोळ्यांच्या उतावळेपणामुळें झाली आहे. आपल्या देशांतील जगदीशचंद्र बोस ह्यांनीं क्रेस्कोग्राफ नांवाचें यंत्र रचून रोपट्याची सूक्ष्म वाढ दहा हजार पटींनीं मोठी करून दाखविली. क्रेस्कोग्राफनें जी मंद वाढ डोळ्यांस दिसूं लागली, तीच कल्पनेनें शेंकडों पटींनीं वेगवान करून ‘ग्रो होम’च्या कर्त्यांनीं पडद्यावर आणली आहे.

पाण्याची पकड

खरोखरीचा वृक्ष २००० मीटर उंच वाढूं शकेल काय? ह्याचें उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचें एक मोठें कारण पुनः पकडच आहे.

आज ज्ञात असलेला सर्वांत उंच जिवंत वृक्ष अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत आहे. तो रेडवूड जातीचा असून २००६ सालीं त्याचा शोध लागला. त्यास हायपेरियन असें नांव दिलें आहे, आणि त्याची उंची सुमारें ११६ मीटर भरते. एवढ्या उंच शेंड्यावर पाणी चढतें कसें? विहिरीवरील शोषक पंप पाणी सुमारें १० मीटरपेक्षां अधिक वर ओढूं शकत नाहीं, हें आपण पदार्थविज्ञानांत शिकतों. कारण तेथें पाण्यास वर ढकलणारा केवळ वातावरणाचा दाब असतो. मग झाड हें कसें साधतें?

१८९४ सालीं डब्लिन येथील डिक्सन व जोली ह्या शास्त्रज्ञांनीं ह्याचा खुलासा पुढें मांडला. पानांतून पाण्याची वाफ होऊन बाहेर जाते. एक कण गेला कीं तो आपल्या मागील कणास ओढतो, तो त्याच्या मागील कणास. आणि अशा रीतीनें शेंड्यापासून मुळापर्यंत पाण्याच्या कणांची अखंड साखळी वर खेंचली जाते. पाण्याचे कण एकमेकांस घट्ट धरून असतात म्हणूनच हें शक्य होतें. ही साखळी जितकी लांब, तितका तिच्यावरील ताण मोठा. दर १० मीटर उंचीस सुमारें एका वातावरणाच्या दाबाइतका ताण वाढतो. ताण फार झाला कीं नळींत हवेचा बुडबुडा शिरतो, साखळी तुटते, आणि ती नळी निकामी होते. रेडवूड वृक्षांचा अभ्यास करून २००४ सालीं शास्त्रज्ञांनीं असें अनुमान केलें कीं, वृक्षाच्या उंचीची मर्यादा १२२ ते १३० मीटरांच्या दरम्यान असावी. २००० मीटर उंचीस केवळ पाण्याचा भार पेलण्यासाठींच सुमारें २०० वातावरणांइतका ताण लागेल! तारावृक्ष हा कल्पनेंतीलच वृक्ष राहणार, हें उघड आहे. पण ज्या वृक्षाखालीं आपण मधल्या सुटींत डबा खातों त्याच्याही शेंड्यावरील प्रत्येक पान ह्या न सुटलेल्या पकडीवर जगतें, ही गोष्ट कल्पनेहून कमी अद्भुत नाहीं.

पालीची पकड

बड कोठल्याही पृष्ठास धरूं शकतो, ही शक्तिही अगदींच काल्पनिक नाहीं. घरांतील पाल भिंतीवर व तक्तपोशीवर निर्धास्त फिरते. तिच्या पावलांस डिंक नसतो. आशियांत टोके नांवाची मोठी पाल आढळते. तिच्या एकेका पावलावर सुमारें पांच लक्ष अतिसूक्ष्म केंस असतात, आणि प्रत्येक केंसाच्या टोंकास आणखी शेंकडों फांटे असतात. हे फांटे भिंतीच्या इतके जवळ जातात कीं दोहोंच्या अणुरेणूंमधील क्षीण आकर्षणही एकत्र होऊन पालीचें वजन सहज पेलतें, असें २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. पाऊल विशिष्ट कोनांत उचललें कीं तीच पकड अलगद सुटते. धरणें आणि वेळेवर सोडणें ह्या दोन्ही कला तिला अवगत आहेत.

अमेरिकेच्या नासा ह्या संस्थेच्या एका प्रयोगशाळेंत लेमूर नांवाचा चार अवयवांचा चढणारा यंत्रमानव तयार करण्यांत आला. त्याच्या १६ बोटांवर मासे धरण्याच्या गळासारखे शेंकडों बारीक आंकडे बसविले होते. २०१९ सालीं कॅलिफोर्नियांतील डेथ व्हॅली ह्या रुक्ष प्रदेशांत तो खरोखरीच्या कड्यावर चढला. पुढेंमागें मंगळावरील कडे व गुहा धुंडाळतां याव्यात हा ह्या उद्योगाचा हेतु. म्हणजे बडचे वडील भाऊ कांहीं केवळ पडद्यावरच नाहींत.

जेथें पकडच नाहीं

आतां उलट बाजू पाहूं. पकड मुळींच मिळत नसेल तर काय करावें? जपानच्या हायाबुसा-२ ह्या यानानें ता. २१ सप्टेंबर २०१८ रोजीं दोन चिमुकले यंत्रमानव र्‍यूगू नांवाच्या लघुग्रहावर सोडले. प्रत्येकाचें वजन सुमारें १.१ किलोग्रॅम, व्यास १८ सेंटिमीटर, उंची ७ सेंटिमीटर. म्हणजे आपल्या जेवणाच्या डब्याएवढाच आकार. र्‍यूगूचा व्यास एका किलोमीटरपेक्षां कांहींसा कमी, आणि म्हणून त्याचें गुरुत्वाकर्षण अत्यंत क्षीण. तेथें चाकें निरुपयोगी ठरतात. चाक पुढें जातें तें जमिनीशीं होणाऱ्या घर्षणामुळें. घर्षण अवलंबून असतें वजनावर. आणि तेथें वजन जवळ जवळ नाहींच.

मग ते फिरले कसे? उड्या मारून! त्यांच्या पोटांत एक मोटार होती. तिनें आंतील भार फिरविला कीं त्या धक्क्यानें सारा यंत्रमानव उडे, आणि एका उडींत सुमारें १५ मीटरपर्यंत अंतर जाई. ती उडी पुरी होण्यास सुमारें १५ मिनिटें लागत. उडी अति जोराची झाली असती तर तो परत खालीं आलाच नसता. तेव्हां जेथें पकड नाहीं तेथें बेतानें उडी मारावी, हाही एक धडाच आहे. पण ती उडी आंधळी नव्हती. तिच्यामागें अनेक वर्षांचें गणित होतें, आणि तें गणित हीच त्यांची पकड.

ह्या संबंधांत आपल्या प्रज्ञान ह्या गाडीचेंही स्मरण होतें. चंद्रयान-३ मधून ता. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं ती चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत पोंचली. तिचें वजन २६ किलोग्रॅम व चाकें सहा. ता. २७ ऑगस्ट रोजीं तिच्यापुढें अवघ्या ३ मीटरांवर ४ मीटर व्यासाचा एक खड्डा दिसला. तेव्हां काय केलें? आल्या वाटेनें मागें फिरण्याची आज्ञा तिला देण्यांत आली, आणि नव्या वाटेनें ती पुढें गेली. मागें फिरली म्हणून तिला कोणीही हंसलें नाहीं. ज्या वाटेची खात्री झालेली आहे तिच्यावर परत येणें हा पराभव नसून शहाणपण आहे.

पडण्याविषयीं

खेळ जेथें खरें बोलत नाहीं ती जागाही दाखविली पाहिजे. बड फार उंचावरून पडला तर त्याचे तुकडे होतात. पण वाटेंत जें शेवटचें ठाणें त्यानें जागृत केलें असेल तेथें तो पुनः अखंड उभा राहतो. एखादें मोठें फूल हातांत धरून तो छत्रीधाऱ्यासारखा अलगद उतरतो, किंवा पान धरून तरंगत जातो. पडद्यावर हें गोड दिसतें. प्रत्यक्षांत काय होईल? त्या ग्रहाचें गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकेंच धरलें व हवेचा अडथळा सोडून दिला, तर २००० मीटरांवरून पडणारी वस्तु सुमारें २० सेकंदांत जमिनीवर येईल आणि त्या वेळीं तिचा वेग ताशीं ७०० किलोमीटरांहून अधिक असेल. दहावीच्या विद्यार्थ्यांनीं हें गणित करून पाहावें. हवेच्या अडथळ्यामुळें माणसाचा वेग ताशीं सुमारें २०० किलोमीटरांवर थांबतो. तरी तोही प्राणघातकच. खऱ्या हवाई छत्रीचें कापड माणसाच्या मानानें फार विस्तृत असतें, म्हणून ती त्यास वांचविते. फुलानें किंवा पावसाळी छत्रीनें तें काम होणार नाहीं. लहान मुलांनीं छत्री घेऊन गच्चीवरून किंवा झाडावरून उडी मारण्याचा प्रयोग कधींही करूं नये.

प्रयोगच करावयाचा असेल तर दोन निर्धोक प्रयोग सुचवितों. पहिला: कुंडींत काकडीचें बीं लावावें, तणावे फुटले कीं त्यांपैकीं एकाजवळ बारीक काठी रोंवावी, आणि दर तासानें त्याचें चित्र वहींत काढावें. तणाव्याची स्प्रिंग झाल्यावर नीट पाहावें. तिचे अर्धे वेढे एका दिशेस व अर्धे उलट दिशेस असल्याचें आढळेल. असें कां व्हावें, ह्याचा विचार करावा. तणाव्याचीं दोन्ही टोंकें बांधलेलीं आहेत, एवढी सूचना पुरे. दुसरा: एका हातरुमालाच्या चार कोपऱ्यांस दोरे बांधून त्यांस लहानसें खोडरबर लटकवावें, आणि तसेंच दुसरें खोडरबर मोकळें ठेवून दोन्ही एकाच उंचीवरून एकदम सोडावीं. मोठ्यांस शेजारीं उभें करून हें करावें.

पालकांस दोन शब्द

त्या रविवारीं निघतांना वडिलांनीं मला पुनः विचारलें, “मग काय, बंद करावा कीं नाहीं?” मी त्यांस सांगितलें तें असें. खेळ बंद करावा असें मला वाटत नाहीं. तो किती वेळ चालावा तें घरानें ठरवावें, आणि ठरलें तें पाळावें. झोंप, अभ्यास आणि मैदानावरील खेळ ह्यांच्या वाटणीचा वेळ त्यास देऊं नये. परंतु आठवड्यांतून एकदां तरी आपण मुलाशेजारीं बसून तो पाहावा. कोणताही खेळ आपण होऊन मुलास शहाणें करीत नाहीं, किंवा बिघडवीतही नाहीं. खेळांत सांपडलेली गोष्ट खेळाबाहेर आणावयास त्यास कोणाचें तरी साहाय्य लागतें. तें साहाय्य आपण केलें नाहीं, तर मुलाचें धैर्य पडद्यावरच राहून जाईल.

हें मी त्यांस सांगितलें खरें, पण माझ्या वाट्याचें काम अद्याप राहिलें होतें. दुसऱ्या आठवड्यांत त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी असते हा सिद्धांत वर्गांत चालला होता. मी त्या मुलास फळ्याजवळ बोलाविलें. तो नेहमीप्रमाणें मान खालीं घालून बसला. मी म्हणालों, “सर्व सिद्धता नको. पहिली पकड तेवढी दाखव.” तो उठला. शिरोबिंदूंतून पायास समांतर अशी रेषा त्यानें काढली, आणि थांबला.

“आतां कोणता हात धरलेला आहे?” मी विचारलें.

“ही रेषा समांतर आहे, एवढें धरलें आहे, सर.”

“मग त्याच्या जोरावर दुसरा हात कोठें जाईल?”

तो बराच वेळ पाहत राहिला. वर्ग गप्प होता. मग त्यानें व्युत्क्रम कोनांची एक जोडी बरोबर दाखविली व ते कोन समान असें लिहिलें. दुसरी जोडी लिहितांना त्याची चूक झाली. मागच्या बांकावर कोणी तरी हंसलें. त्यानें एकदां मागें वळून पाहिलें. मला वाटलें, आतां हा खडू ठेवून जागेवर जाणार. पण त्यानें डस्टर उचललें आणि चुकलेली तेवढीच ओळ पुसली. वरच्या ओळी त्यानें तशाच राहूं दिल्या, आणि त्यांच्यापासून पुनः आरंभ केला.